परवाना बदलायचा हक्क कुणाचा?

२० मार्च २०२४ रोजी रेडिस कंपनीने जाहीर केलं, की आमच्या सॉफ्टवेअरच्या यापुढच्या आवृत्त्या बीएसडी या खुल्या परवान्याखाली मिळणार नाहीत. आठव्या दिवशी, २८ मार्चला, लिनक्स फाउंडेशनने व्हॅल्की नावाचा प्रकल्प उभा केला. कोड तोच, रेडिसच्या ७.२.४ आवृत्तीचा. माणसंही बरीचशी तीच. पाठीशी ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल, एरिक्सन आणि स्नॅप. पंधरा वर्षं एका छपराखाली चाललेलं काम आठवड्याभरात दोन ठिकाणी वाटलं गेलं, आणि त्याला कारण ठरली परवान्याची एक फाइल.

या फाइलकडे आपल्याकडचे अभियंते ढुंकूनही पाहत नाहीत. हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत रोज हजारो लोक खुलं सॉफ्टवेअर वापरतात. त्यातले काही जण रात्री जागून, बिनपगारी त्यात भरही घालतात. कोडची ओळ न् ओळ तपासतात आणि परवाना मात्र ‘ते वकिलांचं काम’ म्हणून सोडून देतात. मला हे घातक वाटतं. कोण कुणासाठी राबणार आणि त्या राबण्याचं फळ उद्या कुणाच्या तिजोरीत जाणार, हे त्याच फाइलीत लिहिलेलं असतं.

रेडिसचंच उदाहरण जरा जवळून पाहू. सिसिलीतल्या साल्वातोरे सानफिलिप्पो या प्रोग्रामरने २००९मध्ये ते लिहिलं, स्वतःच्या छोट्या व्यवसायाची गरज म्हणून. संकेतस्थळावर येणाऱ्यांची नोंद त्या क्षणीच दाखवायची होती आणि हाताशी असलेला डेटाबेस तेवढा वेगवान नव्हता. सतत लागणारी माहिती डिस्कवर शोधत न बसता मेमरीतच तयार ठेवायची, हे रेडिसचं काम. आज लॉगिन टिकवण्यापासून खरेदीची यादी लक्षात ठेवण्यापर्यंत असंख्य ठिकाणी ते चालतं. परवाना बीएसडी. म्हणजे घ्या, बदला, विका, हवं तर कोड कुलूपबंद करून विका. मूळ लेखकाचं नाव आणि परवान्याचा मजकूर तेवढा राहू द्या. या मोकळेपणामुळेच ते सर्वदूर पोचलं. कुठल्याही कंपनीच्या कायदा विभागाला हरकत घ्यायला जागाच नव्हती.

२०२०मध्ये सानफिलिप्पो बाजूला झाले आणि कारभार पाच जणांच्या चमूकडे आला. तिघे रेडिस कंपनीचे, एक अलिबाबाचे आणि ॲमेझॉनच्या मॅडलिन ओल्सन. चीनच्या टेन्सेंटमधल्या अभियंत्यांचाही कामात मोठा वाटा होता. बाजारात एकमेकांच्या जिवावर उठलेल्या कंपन्यांची माणसं एकाच कोडवर गुण्यागोविंदाने काम करत होती, कारण तो कोड सगळ्यांना सारख्याच अटींवर मिळत होता. ही समानता ज्या दिवशी संपली, त्याच दिवशी सहकार्यही संपलं. ओल्सन आणि बाहेरच्या इतर मंडळींनी लगोलग वेगळी चूल मांडली.

याआधी २०१८मध्ये कंपनीने रेडिसच्या काही जोड-मॉड्यूलांवर बंधनं आणली, तेव्हा लोक धास्तावले होते. मूळ रेडिस बीएसडीच राहील, कायम राहील, अशी ग्वाही तेव्हा कंपनीनेच दिली होती. इलॅस्टिकसर्च बनवणाऱ्या इलॅस्टिकनेही त्याच वर्षी सांगितलं होतं, की आमच्या अपाचे परवान्याखालच्या कोडला आम्ही हात लावणार नाही. जानेवारी २०२१मध्ये त्यांनी तो बदलला. दोन्ही आश्वासनं जाहीर होती, शब्द स्वच्छ होते, आणि दोन्हींची किंमत शून्य होती. कारण परवान्यात तसं कलम कुठेच नव्हतं.

या कंपन्यांची तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ॲमेझॉनसारखी क्लाउड कंपनी तोच कोड उचलते, आपल्या यंत्रांवर चालवते, ग्राहकाकडून महिन्याच्या महिन्याला भाडं घेते. मूळ कंपनीच्या हाती त्यातली दमडी लागत नाही. इलॅस्टिकने तर आपलं नावही वापरल्याचा आरोप करत २०१९मध्ये ॲमेझॉनवर नाममुद्रेचा दावा लावला होता. २०२२मध्ये तो समझोत्याने मिटला. क्लाउड कंपन्या धुतल्या तांदळासारख्या मुळीच नाहीत. आयत्या बिळावर नागोबा होण्याची त्यांची सवय जुनी आहे. पण ज्या मोकळ्या परवान्याच्या जोरावर जगभर पसरायचं, वापरकर्त्यांचे आकडे दाखवून गुंतवणूक मिळवायची, त्याच मोकळेपणाचा फायदा दुसऱ्याने घेतला की लुबाडलं म्हणून ओरड करायची, हे मला मान्य नाही. दुसऱ्याने विकू नये असं वाटत होतं तर पहिल्या दिवशी तसं लिहायचं होतं. तसं लिहिलं असतं तर बाहेरची माणसं कामाला आली नसती, हे सगळ्यांना पुरतं ठाऊक होतं.

पुढे काय झालं? इलॅस्टिकने ऑगस्ट २०२४मध्ये एजीपीएल हा खुला परवाना पर्याय म्हणून जोडला. रेडिसनेही मे २०२५मध्ये, आठव्या आवृत्तीसोबत, तेच केलं. सानफिलिप्पो तोवर कंपनीत परतले होते. एजीपीएलचं म्हणणं असं, की कोड बदलून तुम्ही तो नेटवर्कवरून सेवा म्हणून लोकांना वापरायला दिलात, तर त्या लोकांना तुमचा बदललेला कोडही मिळाला पाहिजे. चांगला परवाना आहे. पण गेलेली माणसं परतली नाहीत. ॲमेझॉनने २०२१मध्ये इलॅस्टिकसर्चमधून वेगळा काढलेला ओपनसर्च सप्टेंबर २०२४पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, आणि व्हॅल्की स्वतःच्या वाटेने चालू लागलं आहे.

मग पहिल्यापासूनच एजीपीएल घेतला असता तर भागलं असतं का? नाही. मोंगोडीबी या डेटाबेसचा परवाना आधीपासून एजीपीएलच होता. तरीही ऑक्टोबर २०१८मध्ये कंपनीने तो काढून एसएसपीएल नावाचा स्वतः लिहिलेला परवाना लावला. सेवा विकणाऱ्याने ती सेवा चालवायला लागणारं झाडून सगळं सॉफ्टवेअर खुलं करावं, अशी त्यातली अट. ओपन सोर्स परवान्यांना मान्यता देणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे तो मंजुरीसाठी पाठवला आणि विरोध होताच मार्च २०१९मध्ये मागे घेतला. डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या वितरणांनी मोंगोडीबी आपल्या संग्रहातून काढून टाकलं. ज्या ॲमेझॉनला चाप लावायचा होता, त्याने जानेवारी २०१९मध्येच मोंगोडीबीच्या भाषेत बोलणारा स्वतःचा डेटाबेस बाजारात आणला. हात पोळले ते छोट्यांचे.

कडक परवाना असूनही हे घडू शकलं, कारण मोंगोडीबीच्या सगळ्या कोडचे हक्क एकाच कंपनीकडे होते. इथे कळीचा कागद येतो, सीएलए. बाहेरच्या माणसाने पॅच पाठवला की त्याच्याकडून आधी एका करारावर सही घेतात. कित्येक प्रकल्पांत ती सही म्हणजे ब्राउझरमधलं एक बटण असतं. कॉपीराइट तुमचाच राहील असं त्यात बहुधा लिहिलेलं असतं आणि ते वाचून माणूस निर्धास्त होतो. त्याच्याच खालच्या परिच्छेदात कंपनीला तुमचं काम हव्या त्या अटींवर पुढे देण्याचा, म्हणजे परवाना बदलण्याचा, कायमचा आणि परत न घेता येणारा अधिकार तुम्ही लिहून देता. तुमचं काम मात्र कंपनीच्या मूळ परवान्यानेच तुमच्याकडे परत येतं. एका बाजूला पूर्ण मुभा, दुसऱ्या बाजूला बंधन. बीएसडीसारख्या मोकळ्या परवान्यात तर या सहीचीही गरज पडत नाही. नवी आवृत्ती बंद करण्याची मुभा तो परवानाच देतो.

महाराष्ट्राला हे समजायला जड जाऊ नये. कारखान्याला ऊस घालणारा सभासद असेल तर सर्वसाधारण सभेत उभा राहून जाब विचारतो. खासगी कारखान्याला ऊस घालणाऱ्याला काट्यावरची पावती मिळते, मत मिळत नाही. सीएलएवर सही करणारा योगदाता हा बिगरसभासद आहे, आणि त्याला भावही मिळत नाही.

हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्मचं हेच झालं. शेकडो सर्व्हर, नेटवर्कं, डेटाबेस साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवायचे आणि एका आज्ञेने उभे करायचे, असं हे साधन. २०१४पासून एमपीएल परवान्याखाली होतं. त्यासाठी लागणारे शेकडो जोडभाग जगभरच्या लोकांनी लिहिले. १० ऑगस्ट २०२३ला कंपनीने पुढच्या आवृत्त्यांसाठी बीएसएल परवाना जाहीर केला: वापरा, पण आमच्याशी स्पर्धा करणारी सेवा देऊ नका, चार वर्षांनी तो कोड खुला होईल. स्पर्धा म्हणजे काय? आज माझी सेवा स्पर्धेत बसत नसेल, आणि उद्या कंपनीने तसंच काही विकायला काढलं तर? ज्या छोट्या कंपन्यांनी टेराफॉर्मभोवती धंदा उभा केला होता, त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. त्या एकत्र आल्या, आणि सप्टेंबर २०२३मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली ओपनटोफू जन्माला आला. एप्रिल २०२४मध्ये आयबीएमने हॅशिकॉर्प ६४० कोटी डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२५मध्ये व्यवहार पूर्ण झाला. जोडभाग लिहिणाऱ्या, दुरुस्त्या पाठवणाऱ्या बाहेरच्या माणसांच्या वाट्याला त्यातलं काही येण्याचा प्रश्नच नव्हता. गरज सरो, वैद्य मरो.

आता लिनक्सकडे या. लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये कर्नेल प्रसिद्ध केलं तेव्हाचा परवाना पैसे घेऊन वाटायला मनाई करणारा होता. १९९२मध्ये त्याने जीपीएल स्वीकारला: विका खुशाल, पण बदल करून वाटलंत तर बदलही त्याच अटीवर खुले करा. जीपीएलला कंपन्या घाबरतात असं आजही ऐकवलं जातं. मग २००१ या एका वर्षात लिनक्सवर १०० कोटी डॉलर खर्च करण्याची घोषणा आयबीएमने का केली? इंटेल, रेड हॅट, गूगल, हुआवे यांचे पगारी अभियंते त्यात रोज भर का घालतात? कारण घातलेली भर घेऊन प्रतिस्पर्धी दार बंद करू शकत नाही, याची प्रत्येकाला खात्री आहे. जीपीएल कंपन्यांना एकमेकांपासून संरक्षण देतो. माझ्या मते गेल्या पस्तीस वर्षांत सॉफ्टवेअरच्या जगात लिहिला गेलेला हा सगळ्यात दूरदर्शी करार आहे, आणि त्याचं श्रेय तो लिहिणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना द्यायलाच हवं.

लिनक्सची दुसरी ताकद अशी, की तिथे सीएलए नाही. आयबीएमवर लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप करत एससीओ कंपनीने २००३मध्ये खटला भरला. कोड कुठून आला याचा माग राहावा म्हणून २००४पासून डीसीओ आला. पॅचच्या तळाशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी एक ओळ, पुढे नाव आणि ईमेल. बास. हे काम माझं आहे किंवा मला पुढे देण्याचा हक्क आहे, आणि ते या प्रकल्पाच्या परवान्याखाली मी देतो आहे, एवढंच ती ओळ सांगते. हक्क कुणाच्याही नावे लिहून दिला जात नाही. त्यामुळे कर्नेलचा कॉपीराइट हजारो माणसांत आणि कंपन्यांत वाटलेला आहे. खुद्द टोरवाल्ड्सला वाटलं तरी उद्या परवाना बदलता येणार नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. इथे ससा कुणा एकाच्या हाती लागतच नाही.

कुणी म्हणेल, मग गरज पडली तरी परवाना कधीच बदलायचा नाही का? बदलता येतो. विचारून. नारिंगी शंकूचं चिन्ह असलेला व्हीएलसी प्लेअर तुमच्या संगणकावर असेलच. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा हा प्रकल्प २००१मध्ये जीपीएलखाली खुला झाला. २०१०मध्ये तो आयफोनवर आला. ॲपलच्या दुकानाच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत अशी हरकत रेमी दनी-कूरमाँ या व्हीएलसीच्याच एका प्रमुख विकासकाने घेतली आणि जानेवारी २०११मध्ये ॲपलने तो काढून टाकला. दुसरीकडे, व्हीएलसीचं इंजिन आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवू पाहणाऱ्यांना जीपीएल अडवत होता. तेव्हा झाँ-बाप्तिस्त केंफ यांनी इंजिनाचा परवाना जरा सैल अशा एलजीपीएलवर न्यायचं ठरवलं. पण व्हीएलसीचे हक्क कुणा एकाकडे नव्हते. जुन्या नोंदी काढून, कुठली ओळ कुणाची ते शोधून, वर्षानुवर्षं संपर्कात नसलेल्या माणसांना गाठून एकेकाची परवानगी घ्यावी लागली. इंजिनाचा गाभा २०११मध्ये आणि त्याचे बरेचसे भाग २०१२मध्ये नव्या परवान्याखाली आले. जुलै २०१३मध्ये व्हीएलसी आयफोनवर परत आला. ज्यांचं काम होतं त्यांना विचारलं गेलं, हे मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रेडिसच्या बाहेरच्या योगदात्यांना कुणी विचारलं होतं?

एलएलव्हीएम या कंपायलरच्या प्रकल्पानेही असंच केलं. आयआयटी मुंबईतून शिकून इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झालेले विक्रम अडवे आणि त्यांचे विद्यार्थी ख्रिस लॅटनर यांनी २०००मध्ये तो सुरू केला. २०१९पासून नवं काम अपाचेखाली घेतलं गेलं आणि जुन्या कामासाठी योगदात्यांची संमती मिळवण्याचा खटाटोप पुढे कित्येक वर्षं चालला. वेळखाऊ आहे. असू दे.

परवान्याने माणसं येतात तशी जातातही, हे लपवण्यात अर्थ नाही. जवळपास मॅकबुक असेल तर टर्मिनल उघडा आणि बॅश या जुन्या शेलची आवृत्ती विचारा. ३.२ असं उत्तर येईल, आणि खाली कॉपीराइटचं वर्ष २००७. बॅशच्या पाचव्या आवृत्तीलाही वर्षं उलटली, पण ॲपल तिसऱ्यावरच थांबलं. कारण २००७मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. टिवो कंपनीचं व्हिडिओ रेकॉर्डर लिनक्सवर चालायचं, कोडही ती देत असे, पण ग्राहकाने तो बदलून यंत्रात घातला की यंत्र तो चालवायचंच नाही. घरात वापरायच्या यंत्रात बदललेला कोड चालवण्याचा मार्ग अडवू नका, असं जीपीएल ३ने स्पष्ट लिहिलं. बॅश ४ त्याखाली गेला आणि ॲपलने पाठ फिरवली. २०१९मध्ये मूळ शेल म्हणून झीशेल आणला, त्याचा परवाना सैल. मला इथे जीपीएल ३ बरोबर वाटतो. मालकाला आपल्या पैशाने घेतलेल्या यंत्रात हात घालू द्यायचा नाही अशी ज्यांची अट आहे, त्यांच्यासाठी नियम वाकवायची गरज नाही.

आणि जुन्या जीपीएल २नेही काय साधलं ते लिंक्सिसच्या निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरने दाखवलं. २००३मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्यात लिनक्सचा कोड आहे आणि कंपनीने तो खुला केलेला नाही. तगादा लागला, कोड बाहेर आला. त्यातून २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभा राहिला. मूळ राउटर कधीच मोडीत गेले. ओपनडब्ल्यूआरटी आजही शेकडो प्रकारच्या राउटरांवर चालतो. एका कलमाने एक अख्खा समुदाय जन्माला घातला.

मोकळा परवाना वाईटच, असं म्हणण्याचा मोह मला होत नाही, आणि त्याला कारण पोस्टग्रेस. या डेटाबेसचा परवाना बीएसडीच्याच घराण्यातला, अगदी सैल. तरीही आजवर तो कुणाला बळकावता आला नाही. त्यामागे एक कंपनी नाही, अनेक आहेत, आणि मध्यवर्ती चमूत कुठल्याही एका कंपनीची माणसं निम्म्याहून जास्त नसावीत असा दंडक आहे. २०२०मध्ये ईडीबी कंपनीने सेकंडक्वाड्रंट विकत घेतली आणि चमूत ईडीबीचं पारडं निम्म्यापलीकडे गेलं. लगेच बाहेरचे दोघे घेऊन तोल सावरला. या ईडीबीचं मोठं कार्यालय पुण्यात आहे. पोस्टग्रेसवर पगार घेऊन काम करणारी मराठी माणसं इथेच भेटतात. परवाना सैल असेल तर सत्ता तरी वाटलेली हवी. परवानाही सैल आणि मालकही एकच, तर सावध व्हा.

मुंबईच्या फ्रॅप्पेने केलेली निवड मला विचारपूर्वक वाटते. रुषभ मेहता यांच्या या कंपनीने हिशेब, साठा, पगार सांभाळणाऱ्या ईआरपीनेक्स्टला जीपीएल ३ लावला, आणि ज्या फ्रेमवर्कवर ते उभं आहे त्याला एमआयटी हा सैल परवाना. फ्रेमवर्कवर कुणीही आपलं स्वतःचं सॉफ्टवेअर हव्या त्या अटींवर बांधावं; तयार ईआरपीनेक्स्ट घेऊन, बदलून वाटायचं असेल तर मात्र बदल खुले ठेवावेत. छोट्या शहरातली चार माणसांची कंपनीही ते बसवून देण्याचा, गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे वळवण्याचा धंदा करू शकते आणि त्यासाठी परवाना शुल्क भरावं लागत नाही.

मराठी अक्षरांचीही यात एक गोष्ट आहे. छपाईच्या दुनियेत श्रीलिपी ठाऊक नाही असा माणूस विरळा. ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची. याच मॉड्युलरने पुरवलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने २००४मध्ये जीपीएलखाली खुले केले. हेतू उत्तम होता, पण जीपीएल लिहिला गेला प्रोग्रामसाठी. जीपीएलचा फॉन्ट पीडीएफमध्ये घातला तर ते कागदपत्रही जीपीएलच्या कक्षेत येतं का, असा खोडा त्यात निघतो. २०११मध्ये लोहित फॉन्टांना एसआयएल या संस्थेचा खास फॉन्टांसाठी लिहिलेला ओएफएल परवाना मिळाला. फॉन्ट कुठेही वापरा, पुस्तकात, ॲपमध्ये घाला. बदललात तर बदललेला फॉन्ट याच परवान्याने द्या. नुसता फॉन्ट सुटा विकू नका. मुंबईच्या एक टाइपने मुक्त आणि बालू हे देवनागरी फॉन्ट याच परवान्याखाली दिले, आणि आज ते कुणालाही फुकट, कायदेशीरपणे, न विचारता वापरता येतात. युनिकोडपूर्व काळातल्या बंदिस्त फॉन्टांत अडकलेले जुने अंक आणि पुस्तकं आजच्या संगणकावर उघडताना ज्यांनी डोकं धरलं असेल, त्यांना या मोकळीकीचं मोल मी वेगळं सांगायला नको.

म्हणून पुण्या-मुंबईच्या, नाशिक-नागपूरच्या अभियंत्यांना, आणि बायोडेटात भर पडावी म्हणून पहिला पॅच पाठवायला निघालेल्या विद्यार्थ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आधी प्रकल्पाची परवान्याची फाइल उघडा. मग योगदानाचे नियम उघडा. नोकरीत असाल तर नेमणुकीच्या कराराकडेही पाहा, कारण फावल्या वेळातलं कामही कंपनीचं, असं त्यात अनेकदा लिहिलेलं असतं. तिथे लेखी परवानगी मागा. सीएलए दिसला तर परवाना बदलण्याचा हक्क कुणाला दिला आहे ते कलम शोधा. तो कुणा निःपक्ष फाउंडेशनकडे असेल तर विचार करायला हरकत नाही. एका कंपनीकडे एकतर्फी असेल, तर सही करू नका. सीएलएऐवजी डीसीओ ठेवा, अशी मागणी उघडपणे करा, आणि मान्य झाली नाही तर तुमची रात्र अशा प्रकल्पाला द्या जिथे तुम्हाला विचारल्यावाचून तुमचं काम कुणी बंद करू शकत नाही. असे प्रकल्प भरपूर आहेत, आणि त्यांना माणसं हवी आहेत.